गावच्या स्मशानभूमीत माजी सैनिकांसाठी दोन गुंठे: जागा मिळेल, पण राखणार कोण?

वेण्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोय.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. १९७१ ला पूर्वेकडच्या आघाडीवर होते. गेल्या श्रावणात गेले. त्या दिवशी पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. स्मशानशेडचे दोन पत्रे उडालेले, गोवऱ्या ओल्या, लाकूड ओलं. डिझेल ओतून ओतून सरण पेटवलं. पलटणीतले त्यांचे दोन सोबती काठी टेकत आले होते, दोघंही ऐंशीच्या घरातले. त्यांतल्या एकांनी खिशातल्या रुमालातून मेडलांची पट्टी काढून छातीवर लावली, चिखलात पाय जुळवले आणि सॅल्यूट केला. चिता धडधडून पेटेपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही. मला बापाच्या जाण्याचं रडू तेव्हा आलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून परत येताना चावडीपाशी थांबलो. आमच्या चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी आहे, पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगाव बसवल्या त्यातली. लहानपणी आम्ही तिच्यावर बोट फिरवून अक्षरं ओळखायचो. आता दर दिवाळीला भिंतीबरोबर तिलाही चुना बसतो. थरावर थर चढून अक्षरं बुजून गेलीत.

गावात आजघडीला माजी सैनिकांची साठच्या वर घरं आहेत. लढाईत धारातीर्थी पडलेल्या जवानाचं स्मारक होतं, आणि व्हायलाच पाहिजे. पण सतरा-वीस वर्षं बर्फात, वाळवंटात काढून घरी आला, शेती केली, सोसायटीच्या रांगेत उभा राहिला आणि म्हातारा होऊन गेला, त्या शिपायाचं गावात काय उरतं? दहाव्याला फ्लेक्स लागतो, पावसाळ्यात फाटतो.

म्हणून ग्रामसभेत विषय मांडला. स्मशानभूमीची वरची बाजू, साधारण दोन गुंठे, माजी सैनिकांसाठी राखून ठेवावी. तिथं दहनाचा एक चांगला ओटा, शेजारी नावांची दगडी भिंत, बसायला कट्टा आणि चार झाडं. विरोध कुणी केला नाही. पण एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बांधशीला रं, पण झाडणार कोण?" मला उत्तर देता आलं नाही.

जाणकारांनी सांगावं. जागा कायद्यानं कशी घ्यायची, नावं कुणाची घालायची, आणि मुख्य म्हणजे पंचवीस वर्षांनी ती जागा नीट राहील याची तजवीज आजच कशी करायची?

निवृत्त_सुभेदार

वेण्णाकाठ, वडिलांना माझा सॅल्यूट. पूर्वेकडं म्हणजे ती माणसं काय काय चालून गेली ते आम्ही मागाहून पलटणीत भरती झालेल्यांनी ऐकलंय.

तुमच्या गावच्या म्हाताऱ्यानं नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंय. मी सातारा तालुक्यातला. आमच्या शेजारचं अपशिंगे सगळ्यांना माहीत आहे, गावाच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तिथला स्तंभ अजून मान राखून उभा आहे, कारण घरटी माणूस फौजेत आहे आणि लोकांचा त्या जागेशी रोजचा संबंध आहे. स्मारकाला माणसाचा राबता लागतो. तो तुटला की दगड एकटा पडतो.

राखलेली जागा कशी असते ते पाहायचं असेल तर एकदा पुण्याला खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊन या. मी खडकीत असताना रविवारी तिथं जाऊन बसायचो. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांची थडगी तिथं आहेत. यातली बरीच मुळात तिथली नाहीत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी एकएकटी पडलेली, जिथं कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती अशी थडगी उचलून एका जागी आणली. हा विचार ध्यानात घ्या. विखुरलेलं राखता येत नाही, एकत्र असलं की राखता येतं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचीही नावं तिथल्या स्मारकावर आहेत.

हे सगळं बघतं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. १९१७ साली, युद्ध चालू असतानाच, सनद घेऊन ही संस्था उभी राहिली. खर्च सहा देश मिळून करतात आणि ज्या देशाचे जितके सैनिक, त्या हिशेबानं वाटा. आपल्या देशाचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. त्यांनी सुरुवातीलाच ठरवलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते: जनरल असो नाहीतर शिपाई, दगड एकाच मापाचा. श्रीमंत बापाला पोराच्या थडग्यावर संगमरवरी देवदूत बसवायचा असला तरी परवानगी नाही.

तिथल्या माळ्यांशी मी बोलायचो. आपलीच मराठी माणसं. एक जण गुडघ्यावर बसून दगडाच्या बुडाशी आलेलं गवत हातकात्रीनं कापत होता. म्हणाला, "साहेब, मशीन लावलं तर दगडाची कड उडते. म्हणून हातानं." तो माणूस नोकरीवर होता, त्याला पगार होता, वर विचारणारा होता. देखभाल म्हणजे हेच. भावना पाहिजेच, पण महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारा एक माणूस पाहिजे.

आणखी एक. भिंतीवर देणगीदार, उद्घाटक, प्रमुख उपस्थिती यांतलं एकही नाव घालू नका. आमच्या भागात एका स्तंभावर जवानाचं नाव चार बोटांचं आणि बाकीच्यांची वीतभर आहेत. त्या जवानाची आई माझ्या नात्यातली. ती त्या बाजूनं जायचंच टाळते.

मंडल_अधिकारी_निवृत्त

मी महसूल खात्यात तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी सातारा जिल्ह्यात. कागदाचं मी सांगते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २२. गुरचरण, गावठाण, खळवाड यांच्याबरोबर दहन-दफनभूमीसाठी सरकारी जमीन याच कलमाखाली नेमून देतात. एकदा नेमून दिली की कलेक्टरच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. तेव्हा पहिलं काम सातबारा काढून बघणं. पुष्कळ गावांत स्मशानभूमी वापरात पिढ्यान्‌पिढ्या असते, पण सातबाऱ्यावर नोंदच नसते, किंवा जमीन कुणा खातेदाराच्या नावावर असते. त्याचा आजा होता तोवर चाललं. नातवानं जमीन विकली की तंटा सुरू.

दुसरं, भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. स्मशानाला लागून शेत असतं, बांध दरवर्षी वीतभर आत सरकतो. माझ्या नोकरीत मी एका गावचं वीस गुंठ्यांचं स्मशान मोजलं, ते तेरा गुंठे भरलं. कुणी मुद्दाम गिळलं असं नाही, कुणी लक्ष दिलं नाही एवढंच.

तिसरं, पैसे. शेड, ओटा, कुंपण, पोहोच रस्ता यासाठी जिल्हा परिषदेच्या जनसुविधा अनुदानातून काम बसतं, आमदार फंडातूनही होतं. हे सगळे पैसे बांधण्याचे. झाडण्याचे पैसे यातून येत नाहीत. दहन-दफनभूमीची व्यवस्था हे ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीचंच काम आहे, म्हणून दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्याचं वेगळं शीर्ष धरायला लावा. 'संकीर्ण' खाली गेलं की संपलं. रक्कम लहान असू दे, पण नावानिशी असू दे. अंदाजपत्रकाच्या बैठकीला तुमच्यातले चार माजी सैनिक हजर राहिले तर कुणी ती ओळ खोडणार नाही.

काही जण ट्रस्ट करा म्हणतील. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, दरसाल हिशेब तपासणी, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, हे पाळणारा माणूस असेल तरच करा. नाहीतर दहा वर्षांनी ट्रस्टचे निम्मे विश्वस्त त्या भिंतीवर असतात आणि बँकेत सही करायला कुणी उरत नाही. मी हे पाहिलेलं आहे.

कृष्णाकाठ_सांगली

वरच्या बाजूला जागा घेताय हे फार बरं केलंत. आम्हा नदीकाठच्या लोकांची स्मशानं पाण्यालाच असतात. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. त्या दिवसांत गेलेल्या माणसांना अग्नी कुठं द्यायचा हा प्रश्न होता. माझे चुलते नेव्हीतून रिटायर झालेले, त्याच आठवड्यात गेले. ट्रॅक्टरवरून दुसऱ्या गावाला न्यावं लागलं.

गावाबाहेर एक छोटं स्मारक होतं, जवानांचे फोटो काचेत बसवलेले. पूर ओसरल्यावर गेलो तर काचेच्या आत गाळ, फोटोंचा लगदा झालेला. एका फोटोत टोपीचा वरचा भाग तेवढा ओळखू येत होता. ऑइलपेंटनं लिहिलेली नावं निम्मी सुटून आली. जवळच जुन्या देवळाच्या जोत्यावर कोरलेली अक्षरं मात्र गाळ धुतल्यावर जशीच्या तशी होती. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हाही त्यांना काही झालं नाही.

म्हणून सांगतो, फोटो नको, रंग नको, चिकटवलेली पितळी अक्षरं तर मुळीच नको, ती चोरीला जातात. काळ्या दगडात खोल कोरा. आणि जलसंपदा खात्याच्या निळ्या-लाल पूररेषा बघून लाल रेषेच्या वर जागा धरा.

जतकर

सगळ्यांचा मान राखून वेगळं बोलतो. राग मानू नका. मीही सैनिकाचा मुलगा.

आमच्याकडं अजून टँकर येतो. गावात तीन वीरनारी आहेत, त्यातल्या एकीला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात जायला सव्वाशे किलोमीटर पडतं, सोबतीला माणूस नाही. मुलं भरतीची तयारी डांबरी रस्त्यावर पहाटे पळून करतात, मैदान नाही. दोन गुंठे जागा आणि चार पैसे जमणार असतील तर अभ्यासिका बांधा, नाव सैनिकांचं द्या. मेलेल्याच्या दगडापेक्षा जिवंत माणसाचं पायपुसणंही मोलाचं. माझे वडील असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

वेण्णाकाठ

जतकर, राग कसला. तुम्ही म्हणता ते वडीलही म्हणाले असते, हे खरंच आहे. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही.

पण मला ते दोन पर्याय वाटत नाहीत. अभ्यासिकेला योजना आहेत, मागणारी तरुण पोरं आहेत. स्मशानातल्या चिखलात उभ्या राहिलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसासाठी मागणारं कुणी नाही. शिवाय ओटा आणि शेड चांगली झाली तर सगळ्या गावाला उपयोगी पडणार आहे. माजी सैनिकाच्या नावानं राखली, म्हणून दुसऱ्याला बंदी थोडीच आहे. आणि त्या वीरनारीच्या सोबतीचं तेवढं इथं स्वतंत्र लिहा, तुमच्या बाजूचं कुणी ना कुणी पुढं येईल.

मिरजेची_लेक

माझे अब्बा ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, नाईक होते. २०१६ ला गेले. मिरजेत कब्रस्तानात दफन आहेत. आमच्यात कबर पक्की बांधत नाहीत, दोनचार पावसाळ्यांत जमीन सपाट होते. मला जागा माहीत आहे, माझ्या मुलांना कदाचित सांगता येणार नाही.

तुमच्या भिंतीची कल्पना वाचून वाटलं, दहन असो की दफन, शेवट आपापल्या रीतीनं होऊ दे, पण नाव सगळ्यांचं एका भिंतीवर यावं. अब्बांच्या बॅरेकमध्ये धर्मावर खाटा लावलेल्या नव्हत्या. ते सांगायचे, एकाच लंगरात जेवायचो.

वाईकर

मिरजेच्या ताईंचं पटलं. मला थोडं जुन्याकडं जायचंय, विषयाला धरूनच आहे.

आमच्या तालुक्यात किकली आहे, भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळांची रांगच आहे. लढाईत पडलेल्या वीराचा दगड. खालच्या चौकटीत लढाई, तिच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, त्याच्या वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, शेंड्याला चंद्रसूर्य. सैनिकाची आठवण जपायची ही आपली रीत, कुठून उसनी आणलेली नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. गावाला तेव्हा माहीतच होतं हा कुणाचा, लिहायची गरज वाटली नसावी. आज त्या योद्ध्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. काही गावांत मी वीरगळ धुण्याचा दगड म्हणून ओढ्यावर पालथा पडलेला पाहिलाय, काही ठिकाणी देवळाची पायरी झालेला.

माहुलीला जाऊन या. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर ताराराणींची समाधी आहे, थोरल्या शाहू महाराजांची आहे. ज्यांनी स्वराज्य तगवलं त्यांच्या समाध्या नदीच्या गाळात बुडत गेल्या आणि अलीकडं लोकांनी श्रमदान करून गाळ काढला तेव्हा कुठं पुन्हा उजेडात आल्या. छत्रपतींच्या घराण्याच्या दगडाची ही गत होते, तर आपल्या हवालदार-नायकांचं काय, याचा विचार आधी करायला हवा. नाव कोरा, हुद्दा कोरा, पलटण कोरा, सालं कोरा. चित्र नसलं तरी चालेल.

दूरदेशी_सातारकर

मी मूळचा सदर बझारातला, बारा वर्षं अमेरिकेत आहे. इथली पद्धत सांगतो, तशीच करा असं नाही, पण एक कलम उपयोगी पडेल.

शेजारचे एक आजोबा व्हिएतनाममध्ये लढलेले, दोन वर्षांपूर्वी गेले. लढाईत नव्हे, म्हातारपणानं. त्यांना सैनिकांच्या स्मशानभूमीत जागा मिळाली. इथं अप्रतिष्ठेनं काढून टाकलेला नसेल अशा बहुतेक प्रत्येक माजी सैनिकाला तो हक्क आहे: जागा, दगड आणि कायमची देखभाल, घरच्यांना खर्च नाही. बायकोलाही त्याच ठिकाणी जागा, तिचं नाव त्याच दगडावर मागच्या बाजूला. याची सुरुवात १८६२ च्या कायद्यानं झाली, त्यांचं यादवी युद्ध चालू असताना. आर्लिंग्टन १८६४ चं. आज तिथल्या माजी सैनिक खात्याकडं अशा दीडशेच्या वर स्मशानभूमी आहेत.

पण केंद्राच्या स्मशानभूमी सगळीकडं पुरेनात, म्हणून १९७८ पासून राज्यांना अनुदान देतात. जमीन राज्यानं द्यायची, उभारणीचा खर्च केंद्र करतं, देखभाल राज्यानं करायची आणि तीही केंद्रानं ठरवलेल्या मोजमापानं. दगड ओळीत सरळ हवेत, स्वच्छ हवेत, खचलेली माती भरलेली हवी. आणि मुद्द्याचं कलम हे: राज्यानं ती जागा सैनिकांची स्मशानभूमी म्हणून चालवणं सोडलं, तर केंद्र अनुदान परत मागू शकतं. म्हणजे बांधतानाच राखण्याची हमी लिहून घेतलेली असते. आपल्याकडं ग्रामसभेच्या ठरावात असं एखादं वाक्य घालता येईल का? मंडल अधिकारी ताईंनी सांगावं.

मंडल_अधिकारी_निवृत्त

घालता येईल. मदत माजी सैनिकांच्या वर्गणीतून ठेव म्हणून द्या आणि ठरावात लिहा: मुद्दल मोडायचं नाही, व्याज फक्त या जागेच्या सफाई-दुरुस्तीला, आणि हिशेब दरवर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचा. वाचून दाखवायचा हे शब्द गाळू देऊ नका. ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल तुमच्या घरी ठेवा, दप्तरं गहाळ होतात.

खटावकर_७१

सगळे बोलले, एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती मी बोलतो. आमच्या गावात अजून दोन स्मशानं आहेत. कुणाचं कुठलं ते मी लिहायची गरज नाही. माझे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. रेजिमेंट १९४१ ला बेळगावात उभी राहिली, त्यानंतर थोड्याच दिवसांत ते भरती झाले. फौजेत ज्यांच्याबरोबर खंदकात बसले, गावात मेल्यावर त्यांच्यापासून ओढ्याच्या पलीकडं जळले.

साताऱ्याला तर ही गोष्ट परकी नसावी. सुभेदार रामजी सकपाळ फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात राहिले, भीमाबाई इथंच गेल्या, त्यांची समाधी इथं आहे. सुभेदाराच्या पोराला साताऱ्याच्या शाळेत वेगळं बसावं लागलं.

तेव्हा वेण्णाकाठ, तुमचे दोन गुंठे दोन स्मशानांपैकी कुठल्या स्मशानात आहेत, आणि ओढ्यापलीकडचा पेन्शनर त्या ओट्यावर जाणार का, हे ठरावात आधी लिहा. भिंत नंतर.

निवृत्त_सुभेदार

खटावकर, तुमच्या आजोबांनाही सॅल्यूट. तुमचं वाक्य ठरावात पहिलं आलं पाहिजे. नावं हुद्द्याप्रमाणंही नकोत आणि आडनावाप्रमाणंही नकोत. भरतीच्या सालाप्रमाणं लावा. मग शेजारी कोण येईल ते कुणाच्या हातात राहत नाही.

नवा_वाचक

एक शंका. आमचे आजोबा सीमेवर होते, हल्लीच वारले. आम्ही तिरंगा पांघरला होता. नंतर कुणी म्हणालं चूक केलीत. खरं काय?

निवृत्त_सुभेदार

तुमच्या मनात आदरच होता, मनाला लावून घेऊ नका. पण १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांचा कायदा सांगतो की पार्थिवावर तिरंगा फक्त शासकीय, सैन्यदलाच्या किंवा निमलष्करी दलाच्या अंत्यविधीतच पांघरायचा. घरगुती अंत्यविधीत नाही. आणि जिथं पांघरतात तिथंही तो चितेवर जाऊ द्यायचा नाही, कबरीत उतरवायचा नाही, आधी काढून सन्मानानं घडी घालायची. निवृत्तासाठी पलटणीचा रुमाल, मेडलं, टोपी ठेवा. पुष्पचक्र वाहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवा, आणि गावातल्या माजी सैनिकांना मेडल लावून यायला सांगा. तेवढ्यानंही त्या घराला पुष्कळ बळ येतं.

कऱ्हाडची_सून

दूरदेशी दादांनी बायकोच्या नावाचं लिहिलं, ते वाचून थांबले. माझे सासरे वर्षातून दोन महिने रजेवर यायचे. बाकीचे दहा महिने सासूबाईंनी चार पोरं, दोन म्हशी, सासरा आणि कोर्टातला बांधाचा दावा एकटीनं ओढला. मनिऑर्डरीच्या पावत्या त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत सालवार बांधून ठेवल्या होत्या, प्रत्येक गठ्ठ्याला वेगळ्या रंगाची चिंधी. त्या गेल्या तेव्हा ट्रंक उघडली, सतरा गठ्ठे निघाले. नोकरी सतरा वर्षांचीच होती.

भिंतीवर सैनिकाच्या नावाखाली बायकोचंही नाव घाला. 'सौ.', 'कै.' काही नको. नुसतं तिचं नाव.

वेण्णाकाठ

चार महिन्यांनी परत येतोय. उशीर झाला, पण हातात काही घेऊन आलोय.

ठराव झाला. पहिल्या कलमात खटावकरांचं म्हणणं आहे: जागा गावातल्या सर्व माजी सैनिकांची, ओढ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्याही. या कलमावर सभा दीड तास चालली. दोघं उठून गेले. त्यातले एक दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले आणि ठरावावर सही करून गेले. दुसरे अजून बोलत नाहीत. मोजणी झाली, दगड रोवले. माजी सैनिकांच्या घरांनी वर्गणी काढली, ती ठेवीत आहे, मुद्दलाला हात लावायचा नाही. झाडायला गावातल्याच एका बाईंना महिन्याचा ठराविक पगार ठरवलाय, त्यांचे मालक सीआरपीएफमध्ये होते.

चावडीतली पाटी आम्ही साफ केली. पाथरवटानं सांगितलं, लोखंड लावू नका, ॲसिड तर अजिबात नको. ओलं पोतं दोन दिवस बांधून ठेवलं आणि बाभळीच्या चपट्या काडीनं एकेक पोपडा सोडवला. चुन्याचे किती थर होते देवाला ठाऊक, आत पिवळा, निळा, परत पांढरा. दुपारी चारच्या उन्हात अक्षरं वर आली. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर ३१ माणसं गेली, त्यांपैकी ५ जणांनी प्राण दिले. बस. एकही नाव नाही. मी लहानपणी त्याच अक्षरांवर बोट फिरवत होतो आणि ते कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग सुभेदारकाकांच्या सांगण्यावरून वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधलं. हिंदी शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो. गावाचं नाव इंग्रज कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलंय, त्यामुळं सात-आठ प्रकारे लिहून बघावं लागलं. तीन सापडले. तिघंही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेले, तिघांचीही नोंद बसऱ्याच्या स्मारकात. आणि त्या स्मारकाबद्दल वाचलं तेव्हा घरात कुणाशी बोलावंसं वाटेना. त्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं कोरली, आपल्या शिपायांचे मात्र पलटणवार आकडे घातले. कमिशननंच २०२१ साली अहवाल काढून कबूल केलं की हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांना बरोबरीचा मान दिला गेला नाही. म्हणजे इथं चावडीवर आकडा, तिकडं बसऱ्यालाही आकडा. शंभर वर्षं त्या तिघांचं नाव कुठल्याच दगडावर नव्हतं.

परवा पाथरवटानं ती तीन नावं कोरली. भिंतीवरची पहिली तीन. त्यांच्या बायकांची नावं सापडली नाहीत, एकाच्या पणतूला फक्त 'बयो' एवढं ठाऊक होतं, तेच कोरलंय. वडिलांचं नाव बरंच खाली येतं, १९६३ च्या भरतीच्या ओळीत, त्याखाली आईचं. आई अजून आहे. तिला विचारलं चालेल का, तर म्हणाली, "घाल. मी वाचून तरी जाईन."

वर तीन नावांच्या शेजारी पाथरवटाला दोन ओळी कोऱ्या ठेवायला सांगितल्यात. कोरेगाव तालुक्यातल्या कुणाच्या घरी जुनी पेन्शनीची कागदं, डिस्चार्ज, पितळी मेडल, काहीही असेल आणि त्यावर १०३, १०५, ११०, ११४ किंवा ११७ मराठा (हे त्या वेळच्या पलटणींचे नंबर) असं लिहिलेलं असेल, तर इथं कळवा. मेडलाच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर आणि नाव असतं. भिंगातून बघा.